कपाळातून आलेलं नाक

सेंदाईचं आमचं घर टेकडीवरच्या एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. भूकंपात भिंतींना पडलेल्या भेगा घरमालकांनी लांबी भरून बुजवल्या होत्या, पण वरून मारलेला रंग जुन्या रंगाशी जुळला नव्हता. त्यामुळे बैठकीच्या खोलीत छतापासून जमिनीपर्यंत एक फिकट नदी वाहत असल्यासारखी दिसायची. दाराशी चपलांच्या कपाटाशेजारी पाण्याच्या बाटल्यांचं खोकं, टॉर्च आणि बिस्किटांचे डबे कायम भरलेले असत. जमीन जरा हलली, की आई आधी छतावरून लोंबणाऱ्या दिव्याकडे बघायची, मग गॅस बंद करायची आणि हलणं थांबलं की पुन्हा पेटवून पुढची पोळी तव्यावर टाकायची. या सगळ्यात तिचं लाटणं फारतर दहा सेकंद थांबत असेल. माझी सकाळ त्या लाटण्याच्या आवाजाने व्हायची, आणि तो थांबला की मी अंथरुणातच डोळे उघडून दिव्याकडे बघायची.

आई मूळची दापोलीकडची. लग्नानंतर पुणे आणि मी सात वर्षांची असताना बाबांच्या मागे जपान. बाबा विद्यापीठात धातूंवर संशोधन करत. त्यांचं सगळं काम इंग्रजीत चालायचं, त्यामुळे इतक्या वर्षांतही त्यांचं जपानी स्टेशन आणि कोंबिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानाच्या, पुढे गेलं नव्हतं. आईने मात्र एका पाळणाघराच्या स्वयंपाकघरात अर्ध्या दिवसाचं काम धरलं होतं. तिथली तीन-चार वर्षांची मुलं बोलतील तेवढं जपानी तिला येत असे. सेंदाईत कोवळ्या हिरव्या सोयाबीनचे दाणे वाटून, साखर घालून गोड सारण करतात. त्याला झुंदा म्हणतात. आईने पहिल्याच वर्षी ते पुरणासारखं पोळीत भरलं होतं, वर वेलची आणि जायफळ. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आबे-सान या म्हाताऱ्या बाईंना तिने दोन पोळ्या नेऊन दिल्या, तेव्हा त्यांनी पहिली दारातच उभं राहून संपवली.

आईच्या नाकावरचा ठिपका पहिल्यांदा आबे-साननीच बघितला. कचऱ्याच्या जागी भेट झाली असताना त्यांनी स्वतःच्या नाकाच्या डाव्या कडेवर बोट ठेवून आईला विचारलं, हे किती दिवस आहे. आईला वाटत होतं चष्मा घासून झालं असेल. डाव्या नाकपुडीच्या कडेला मोहरीएवढा, काळसर, चकचकीत फोड होता. तोंड पुसताना कधी कधी त्यातून रक्त यायचं आणि मग खपली धरायची. आबे-सान आयुष्यभर नर्स होत्या. त्यांनी आईला तिथेच सांगितलं, उद्या जा. आधी जवळचा दवाखाना, मग टेकडीपलीकडचं मोठं हॉस्पिटल, तुकडा काढून तपासणी. महिन्याभरात आम्ही ओनोदेरा सेन्सेईंच्या समोर बसलो होतो. सेन्सेई म्हणजे डॉक्टर. बुटक्या, पन्नाशीच्या, केस अगदी बारीक कापलेले, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. हा कॅन्सर दूर कुठे पसरणारा नाही, त्यांनी सांगितलं, पण जिथे आहे तिथली जागा खात राहतो. हे वाक्य मी आईला तंतोतंत सांगितलं.

कारण घराची दुभाषी मी होते. नऊ वर्षांची असल्यापासून वॉर्ड ऑफिस, बँक, गॅसवाला, दाताचा डॉक्टर, सगळीकडे आई मला मध्ये बसवायची. शाळेतल्या पालकसभेत माझ्याविषयीच्या तक्रारी मीच भाषांतर करून तिला सांगायच्या असत, त्यामुळे त्या घरी पोहोचेपर्यंत बऱ्याच सौम्य झालेल्या असत. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. दोन माणसांच्या मध्ये बसून थोडं इकडचं कमी, थोडं तिकडचं गोड करणं हेच आपलं काम आहे, असं मला पंधराव्या वर्षी प्रामाणिकपणे वाटायचं. दुभाष्याच्या हाती किती सत्ता असते, हे दोन्ही बाजूंच्या माणसांना कळत नाही. कळतं ते फक्त त्यालाच. आज हे लिहिताना मला तेव्हाच्या माझ्या त्या सराईतपणाची भीती वाटते.

ऑपरेशन समजावून सांगायला सेन्सेईंनी आम्हाला तिघांना बोलावलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी मला त्यांच्या टेबलाशी बोलावून घेतलं. कपाळाच्या कातडीने नाक दुरुस्त करण्याविषयी ते लॅपटॉपवर वाचत होते. त्यांनी एक फोटो मला दाखवला आणि लगेच पडदा मिटला. त्या फोटोतल्या माणसाच्या भुवईपासून नाकापर्यंत मांसाची एक जाड दोरी उतरलेली होती, डोळ्यांच्या मधून. बाबा म्हणाले, हे आईला आत्ताच सांगायला नको, घाबरून ती नाहीच म्हणेल, आणि नाही म्हणाली तर नाक जाईल. ते मला आज्ञा करत नव्हते, विनवत होते. बाबांना विनवताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सेन्सेईंनी एका कोऱ्या कागदावर निळ्या पेनाने चेहरा काढला. नाकाचा किती भाग काढावा लागेल ते गोलात दाखवलं. तो भाग भरायला कुठलीही कातडी चालत नाही, रंगाने आणि जाडीने नाकाला सगळ्यात जवळची कातडी कपाळाची. कडेला आधार म्हणून कानाच्या वाटीतलं थोडं मऊ हाड. मग त्यांनी भुवईच्या आतल्या टोकापासून केसांपर्यंत एक उभा पट्टा काढला आणि सांगितलं, हा तीन बाजूंनी सोडवायचा पण खाली भुवईशी जोडलेलाच ठेवायचा, फिरवून खाली आणायचा आणि नाकाला शिवायचा. त्याचं रक्त भुवईतून येत राहतं. तीन आठवड्यांत नाक त्याला आपलं रक्त द्यायला लागलं, की मगच मधला भाग कापायचा. तोवर तो चेहऱ्यावर दिसणार. पहिल्यांदा बघताना सगळेच दचकतात, म्हणून मी आधी फोटो दाखवते, असं म्हणून त्यांनी टेबलावरच्या जाड वहीवर हात ठेवला आणि आईकडे बघून विचारलं, बघणार का.

आई माझ्याकडे बघत होती. बाबा पायातल्या हॉस्पिटलच्या सपातांकडे. मी म्हटलं, "दाइजोबु देसु." जपानीत या शब्दाचा अर्थ ठीक आहे असाही होतो आणि नको असाही. सेन्सेईंनी क्षणभर थांबून वहीवरचा हात काढला.

आईला मी सांगितलं, की कपाळाची थोडी कातडी घेऊन नाकाला लावतील आणि तीन आठवड्यांनी एक छोटं ऑपरेशन आणखी. आणि एक गोष्ट मी मोठ्या हौसेने सांगितली, कारण ती खरंच सेन्सेई म्हणाल्या होत्या: ही पद्धत फार जुनी आहे आणि मुळात भारतातून जगभर गेली, शिकत असताना त्यांच्या पुस्तकात तिचं नावच भारतीय पद्धत असं होतं. आईचा चेहरा उजळला. आपल्याकडचीच म्हणजे मग काय, असं म्हणून तिने सेन्सेईंना वाकून नमस्कार केला, जसं काही तिच्या माहेरचं कौतुक झालं होतं. मग तिने लगेच सही केली.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दुपार उलटून गेल्यावर संपलं. काढलेल्या तुकड्याच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून, त्या स्वच्छ आहेत याची खात्री करूनच पुढचं काम केलं, असं सेन्सेईंनी बाहेर येऊन सांगितलं. बाबा आणि मी कोंबिनीतून आणलेले भाताचे गोळे मांडीवर घेऊन बसलो होतो. ते तेव्हा कुठे उघडले. आईला बघितलं तर डोळे सोडून सगळा चेहरा पट्ट्यांत. त्या दिवशी कुणालाच काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बसने गेले तेव्हा पट्टी बदलायची वेळ होती. बाबाही आले होते. सेन्सेईंनी ओल्या बोळ्यांनी एकेक थर सोडवला आणि नर्सने आईला विचारलं, आरसा हवा का. आईने हात पुढे केला. चष्मा लावता येत नव्हता, म्हणून तिने तो हातात धरून डोळ्यांपासून बोटभर अंतरावर ठेवला आणि आरशात पाहिलं. उजव्या भुवईच्या टोकातून अंगठ्याएवढा जाड, लालसर, पीळ पडलेला मांसाचा पट्टा निघून नाकाच्या दांड्यावरून आडवा खाली येत होता आणि डाव्या नाकपुडीला काळ्या टाक्यांनी जोडलेला होता. कपाळावर केसांपर्यंत एक उभी शिवण. जिथे ती रोज टिकली लावायची, त्याच्या जरा बाजूने ती गेली होती.

आई बराच वेळ बघत राहिली. आरसा खाली ठेवून तिने पाळणाघरातल्या जपानीत सेन्सेईंना विचारलं, हे कधीपर्यंत. सेन्सेई थोड्या गोंधळल्या. आधी सांगितल्याप्रमाणे तीन आठवडे, त्या म्हणाल्या. तेवढं जपानी आईला कळत होतं. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सेन्सेई आणि नर्स गेल्यावर ती म्हणाली, "त्यांनी सांगितलं होतं?"

मी हो म्हटलं. बाबा मध्येच म्हणाले, की मीच तिला सांगू नको म्हटलं होतं, चूक माझी आहे. आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"चेहरा माझा होता, केतकी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. मग भिंतीकडे तोंड करायचं तर तेही करता येईना, उताणंच पडून राहायचं होतं; म्हणून तिने नुसते डोळे मिटले. ते मिटलेले डोळे आणि त्यांच्या मधून गेलेली ती दोरी मी बघत राहिले. घरी आल्यावर मी भात लावला आणि त्यात मीठ दोनदा घातलं.

त्यानंतरच्या दिवशी मी गेले तेव्हा आईच्या खाटेभोवतीचा पडदा ओढलेला होता. आत सेन्सेई स्टुलावर बसल्या होत्या आणि नर्स दिवा धरून उभी होती. नाकावर शिवलेलं टोक काल गुलाबी होतं, ते आज पिकल्या करवंदासारखं जांभळं पडलं होतं. मला बघून सेन्सेई भराभर बोलायला लागल्या. मी ऐकत होते आणि सवयीने मनात चाळणीही धरत होते, यातलं काय सांगायचं आणि काय नाही. तेवढ्यात आईने हात वर केला.

"केतकी, इकडे बघ. त्या जे म्हणतील ते सगळं सांगायचं. चांगलं-वाईट काय ते मी ठरवीन."

मी सांगायला लागले. रक्त आत जातंय पण बाहेर पडत नाहीये, म्हणून तुंबलंय. दोन-तीन टाके सोडून वाट करून देणार. आई म्हणाली, आणि त्याने नाही झालं तर? मी सेन्सेईंना विचारलं. त्यांनी एक शब्द वापरला तो मला येत नव्हता. त्यांनी तो सोपा करून सांगितला, आणि मग तो माझ्या तोंडात येऊन बसला.

"तर तो तुकडा मरेल," मी म्हटलं. "मग तो काढून टाकतील, आणि कपाळाच्या दुसऱ्या बाजूने पुन्हा पहिल्यापासून."

आयुष्यात पुढे मी दुभाष्याचंच काम केलं. कोर्टात केलं, दवाखान्यांत केलं. त्या दोन वाक्यांएवढी जड वाक्यं मला पुन्हा उचलावी लागलेली नाहीत. आई मात्र नुसतं ऐकत होती, आणि तिच्या कपाळावरची शिवण सोडली तर तिचा चेहरा मला इतका शांत कधी दिसला नव्हता.

ती म्हणाली, आता हे विचार, की हा पट्टा मध्ये ठेवलाय कशाला. हा प्रश्न तिला कुणी विचारूच दिला नव्हता. विचारायची गरजच नव्हती, मला ते आधीच सांगितलेलं होतं. मी सगळं सांगितलं: खाली भुवईशी तो का जोडलेला ठेवलाय, रक्त कुठून येतं, तीन आठवड्यांत नाक त्याला कसं आपलंसं करतं आणि मग मधला भाग कसा कापतात. आई ऐकत होती ती एकदम म्हणाली, "म्हणजे भेटकलम."

मला तो शब्द माहीत नव्हता. आजोबांची दापोलीला आंब्याच्या कलमांची बाग होती, एवढंच मी ऐकून होते. आईने तशाच जांभळ्या नाकाने मला समजावलं. चांगल्या आंब्याची फांदी झाडावरून तोडायची नाही. कोयीपासून उगवलेलं रोप कुंडीसकट मांडवावर चढवून त्या फांदीपाशी न्यायचं, दोघांची साल थोडी तासायची आणि दोघांना एकमेकांशी घट्ट बांधायचं. फांदी जगते तिच्या आई-झाडावर, आणि हळूहळू रोपाला धरते. धरली की मगच झाडापासून तोडायची. लहान असताना मांडवावरच्या त्या कुंड्यांना पाणी घालायचं काम तिचं होतं. बांधलेली फांदी काळी पडली, तर आजोबा पहिल्यांदा बांधणी सैल करायचे.

"हे तू मला आधी सांगितलं असतंस तर मला कळलं असतं गं," ती म्हणाली. "तुम्हा दोघांपेक्षा जास्त कळलं असतं."

मग तिने मला हे सगळं सेन्सेईंना सांगायला लावलं. मी कलम, रोप, मांडव यांना जपानी शब्द शोधत सांगत होते, आणि कात्री हातात धरलेल्या सेन्सेई थांबून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी गंभीरपणे विचारलं, किती दिवस बांधून ठेवतात. आई म्हणाली, अडीच-तीन महिने. सेन्सेई म्हणाल्या, मग आम्ही फारच घाई करतो. नर्स हसली. आईला हसू आलं, पण टाक्यांमुळे हसता आलं नाही.

सेन्सेईंनी तीन टाके कापले. आधी काळं रक्त आलं, घट्ट, मग पातळ होत लाल. त्या बोळ्याने ते टिपत राहिल्या. बोटाने टोक दाबायचं, सोडायचं आणि रंग किती वेळात परत येतो ते बघायचं, एवढंच त्या करत होत्या. पुन्हा आणि पुन्हा, अर्धा-पाऊण तास, उठल्या नाहीत की घड्याळाकडे बघितलं नाही. मी खाटेच्या कठड्याला धरून उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर करवंदाचा रंग उतरत गेला. आधी कडेने, मग मधून. दाबलं की पांढरं पडायचं आणि सोडलं की गुलाबी पाणी चढावं तसा रंग परत यायचा. मी देवळात जाणारी मुलगी नव्हते, आजही नाही. पण हात आपोआप जोडले गेले होते, हे नर्सने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला कळलं.

आईने विचारलं, स्वतःच्याच जपानीत, "इकिते इमास का?" जिवंत आहे का. सेन्सेईंनी तिचं बोट धरून भुवईच्या टोकाशी, पट्टा जिथून निघत होता तिथे अलगद टेकवलं. आईने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिने दुसऱ्या हाताने माझा हात शोधला आणि स्वतःचं बोट काढून तिथे माझं ठेवलं. ते ऊन होतं आणि उडत होतं. भुवईतून निघून, डोळ्यांमधून, नाकाकडे काहीतरी अखंड जात होतं. माझ्याच आईचं रक्त, माझ्या बोटाखालून. मी बोट काढेपर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही. त्याला माफी म्हणतात की नाही मला माहीत नाही. आम्ही त्यावर पुढे कधी बोललो नाही.

दहा दिवसांनी तिला घरी सोडलं. ती गुंडाळलेल्या गादीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. पट्ट्याला मलम लावलेलं कापड रोज बदलायचं, ते मी करायची, आधी हात कोपरापर्यंत धुऊन. फोडणीची वाफ सोसायची नाही म्हणून ती बैठकीतून सांगायची आणि मी करायची: मोहरी तडतडू दे, आता हिंग, आता गॅस कमी. चष्मा नसल्याने वाचता येत नव्हतं, तर मी वाचून दाखवायची. हॉस्पिटलच्या सूचना, पाळणाघराचं पत्र, सगळं जसंच्या तसं. पत्रात मुख्याध्यापिका बाईंनी लिहिलं होतं, की मुलं घाबरतील की काय अशी काही पालकांना शंका आहे, तरी पूर्ण बरं झाल्याशिवाय घाई करू नये. हे वाचताना मी अडखळले. पण वाचलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरोबर आहे त्यांचं.

इमारतीतली घरं कचऱ्याची जागा आळीपाळीने सांभाळत आणि झाडत, आणि त्याच आठवड्यात आमची पाळी होती. दाराला पाळीची पाटी लागलेली. आबे-सान वर येऊन म्हणाल्या, या वेळी मी करते. आई म्हणाली, पाय तर चांगले आहेत. सकाळी सात वाजता ती मास्क लावून खाली गेली. मास्कने नाक झाकलं, पण वरचा पट्टा कुठे झाकणार? कावळ्यांपासून कचरा झाकणारी जाळी उघडून ती उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाला सुप्रभात म्हणू लागली. मी वरून खिडकीतून बघत होते. लोक पिशवी ठेवत, वर बघत आणि थबकत. मग वाकून नमस्कार करत. नेहमीपेक्षा खाली वाकत होते की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. आबे-सान काही काम नसताना तासभर तिच्या शेजारी झाडू घेऊन उभ्या होत्या.

दुसऱ्या ऑपरेशनच्या आधीच्या भेटीला आई म्हणाली, तू बाहेर बस. चष्मा एका हाताने डोळ्यांसमोर धरून वहीत तिने आठवडाभर प्रश्न लिहून काढले होते, देवनागरीत जपानी. अर्धा तास मी बाकावर बसून दारातून येणारा आवाज ऐकला: तिचे मोडके प्रश्न, सेन्सेईंची सावकाश उत्तरं, मध्येच दोघींचं हसणं. संध्याकाळी जेवताना तिने बाबांना आणि मला सगळं सांगितलं. पोळी घेतली, तिच्यात सुरीने एक पट्टा सोडवला, फिरवला आणि कुठे कापणार, उरलेला भाग परत भुवईशी कसा बसवणार, ते दाखवलं. काय बिघडू शकतं तेही सांगितलं. बाबांनी दोन प्रश्न विचारले. तिला त्यांची उत्तरं माहीत होती. मला वाटतं, त्या दिवशी आमच्या घरात मी पुन्हा मूल झाले, आणि ते किती हलकं होतं.

पट्टा कापला, नाक जगलं. थोडं जाड होतं, ते पुढे सेन्सेईंनी एकदा बारीक केलं. पण एक गोष्ट आईला घरी आल्यावर तोंड धुताना कळली, आणि ती हातात टॉवेल घेऊन बाहेर आली. नाकाला पाणी लागलं की कपाळ ओलं झाल्यासारखं वाटत होतं. कातडी खाली आली होती, पण तिला अजून आपण कपाळच आहोत असं वाटत होतं. नाकावर माशी बसली की आईचा हात भुवयांच्या वर जायचा. सेन्सेई म्हणाल्या, काहींचं तसं होतं. सावकाश शिकते ती.

पुढच्या हिवाळ्यात ती पाळणाघरात परत गेली. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी बर्फ पडायला लागला आणि मी तिची छत्री द्यायला गेले. आई स्वयंपाकघराबाहेर जमिनीवर बसली होती आणि समोर चार वर्षांची एक मुलगी उभी होती. तिने विचारलं होतं, दुखतं का. आई नाही म्हणाली, मग तिने बोट लावून बघितलं, आणि आईने तिला खरं ते सांगितलं: तू नाकाला हात लावलास, पण मला कळला इथे. आणि कपाळावर बोट ठेवलं. मुलगी हसली नाही. तिने विचार केला आणि पुन्हा लावून बघितलं. मी जवळ पोहोचले तोवर तिच्यामागे रांग लागली होती, सात-आठ मुलांची. प्रत्येकाने एकदाच लावायचं, असं त्यांनी आपसांत ठरवलं होतं. प्रत्येकाच्या बोटाला आई कपाळावरची जागा दाखवत होती, न कंटाळता, आणि मूल मान हलवून बाजूला होत होतं.

पट्टा कापल्यापासून मी त्या नाकाला हात लावला नव्हता. मी छत्री भिंतीला टेकवली आणि रांगेच्या शेवटी उभी राहिले. पुढचं शेवटचं मूल बाजूला झालं, तेव्हा आईने वर बघितलं. मी खाली वाकून तिच्या नाकाच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. ऊन होतं. तिने डोळे मिटून नीट लक्ष दिलं.

"कपाळावरच," ती म्हणाली. "पण कालच्यापेक्षा जरा खाली आलंय."